मालिका संपत का नाहीत? (आणि आजी त्या का सोडत नाही?)

चिपळूणला घरी गेले की चिंचनाक्यावर कुणी ना कुणी भेटतंच. शाळेतले सर, आईची मैत्रीण, नाहीतर नात्याने नेमके कोण लागतात हे आईलाही सांगता येत नाही असे काका. संवाद ठरलेला असतो.

"सध्या काय करतेस?"

"पीएचडी."

"अरे वा! कशात?"

"मराठी मालिकांवर."

यानंतर जी शांतता पसरते ती मालिकेतच शोभेल अशी असते. आधी त्यांचा चेहरा, मग माझा चेहरा, मग पुन्हा त्यांचा चेहरा. फक्त मागे ढॅण ढॅण संगीत तेवढं नसतं, त्याऐवजी एसटीचा हॉर्न असतो.

मग दोनपैकी एक प्रश्न येतो. पुरुष मंडळी विचारतात, "म्हणजे मालिका बघून डॉक्टर होणार तू?" आणि बायका विचारतात, "मग आता तूच सांग, त्या संपत का नाहीत?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो" एवढंच आहे. दुसरा प्रश्न मात्र खरंच चांगला आहे. माझ्या मार्गदर्शकांनी प्रबंधाच्या पहिल्या बैठकीत मला जवळजवळ हेच विचारलं होतं, फक्त जास्त अवघड शब्दांत. तेव्हा आज त्याचं उत्तर देते, सोप्या शब्दांत.

मालिका संपायच्या तो काळ

होय, असा काळ होता. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. वाहिनी एकच, संध्याकाळचे मोजके तास, आणि त्यात बातम्या, 'आमची माती आमची माणसं', 'गजरा' असं सगळं बसवायचं. उरलेल्या जागेत मालिका. तीही आठवड्यातून एकदा. चिं. वि. जोशींच्या कथांवरचा 'चिमणराव' सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. त्या पिढीला आजही ही दोन नावं अशी एका दमात आठवतात.

अर्थात हे सगळं मुंबईकरांचं सुख. कोकणाचा भूगोल टीव्हीला फारसा अनुकूल नव्हता. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, आणि आमच्याकडे सरळ रेषेत बघितलं की डोंगर दिसतो. १९८३ मध्ये इन्सॅट १बी हा उपग्रह कामाला लागला, त्यानंतर लहान लहान प्रक्षेपण केंद्रं देशभर उभी राहिली, तेव्हा कुठे टीव्ही गावोगाव पोचला. आमच्या घरी तो 'रामायणा'च्या निमित्ताने आला. म्हणजे मी जन्माला यायच्या आधी. पण आजोबा कौलांवर चढून अँटेना फिरवताहेत, आणि खालून आजी "आलं, आलं... गेलं!" असं ओरडतेय, हे घरात इतक्या वेळा सांगितलं गेलंय की मला ते स्वतः पाहिल्यासारखं आठवतं.

त्या काळच्या मालिका बहुधा तेरा भागांच्या असत. तेराच का? वर्षाचे बावन्न आठवडे, त्याचा पाव भाग म्हणजे तेरा. तिमाहीचा हिशेब! मंजुरी मिळायची ती तेरा भागांची, फार तर सव्वीसची. त्यामुळे लेखकाला पहिल्या दिवसापासून शेवट माहीत असावा लागे. परीक्षेला तीन तास दिलेत म्हटल्यावर उत्तर जसं आपोआप तीन तासांत बसतं, तसंच हे.

दूरदर्शनवरच नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात 'दामिनी' आली. प्रतीक्षा लोणकर यांची पत्रकार दामिनी. मराठीतली पहिली दैनंदिन मालिका म्हणून तिचं नाव घेतलं जातं. इथून गाडीने रूळ बदलला.

शेवट परवडत नाही

१५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू झाली, तीच आजची झी मराठी. पुढच्या वर्षी ईटीव्ही मराठी आली, तीच आता कलर्स मराठी. सुरुवातीचा काळ अजूनही लोक हळवे होऊन आठवतात: 'आभाळमाया', 'प्रपंच', 'श्रीयुत गंगाधर टिपरे', 'अवंतिका', मग 'वादळवाट'.

आणि मग 'चार दिवस सासूचे'. ईटीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये संपली. तीन हजारांहून जास्त भाग! रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड. नाव 'चार दिवस', पण मी पहिलीत असताना सुरू झालेली ही मालिका मी बारावीत गेल्यावर संपली. माझं अख्खं शालेय शिक्षण त्या चार दिवसांत उरकलं.

हे असं का होतं? लोकांना वाटतं लेखकाला सुचत नाही म्हणून. उलट आहे. रोज बावीस-तेवीस मिनिटांचा मजकूर लिहायला प्रचंड सुचावं लागतं. कारण वेगळं आहे, आणि ते कोणत्याही दुकानदाराला लगेच कळेल: नवं गिऱ्हाईक आणण्यापेक्षा जुनं टिकवणं स्वस्त पडतं.

नवी मालिका सुरू करायची म्हणजे सेट उभारा, नवे चेहरे शोधा, जाहिराती करा, चौकाचौकात फलक लावा. एवढं करून लोक बघतील याची खात्री नाही. चालू मालिकेचा सेट मात्र उभाच आहे. जितके भाग वाढतील तितका त्याचा खर्च प्रत्येक भागावर कमी पडतो. प्रेक्षकाला रोज साडेसातला बसायची सवय लागलेली आहे, आणि जाहिरातदाराला ही सवयच विकली जाते. म्हणजे हिशेबाच्या वहीत मालिकेचा सगळ्यात महागडा भाग कुठला, तर शेवटचा. त्यानंतर दुकान पुन्हा पहिल्यापासून मांडायचं.

ही युक्ती आपली नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दुपारच्या वेळी गृहिणींसाठी रोजच्या कौटुंबिक कथा सुरू झाल्या. त्यांचे प्रायोजक होते साबण कंपन्या, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' हे नाव पडलं. गोष्टीत कुणाचं लग्न मोडतंय याच्याशी कंपनीला देणंघेणं नव्हतं. उद्या दुपारी ती बाई पुन्हा रेडिओजवळ हवी, एवढंच. इंग्लंडमधली 'कॉरोनेशन स्ट्रीट' तर डिसेंबर १९६० मध्ये सुरू झाली आणि अजून चालू आहे. आमचे 'चार दिवस' तिच्यापुढे खरोखरच चार दिवस.

तीन वेळा चेहरा का दाखवतात?

हा सगळ्यात लाडका प्रश्न. एक जण वाक्य बोलतो आणि मग खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा, विजेच्या कडकडाटासह. वेळ काढतात का? हो, काढतात. पण तेवढंच नाही.

तानिया मॉडलेस्की नावाच्या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८० च्या दशकात एक साधी गोष्ट मांडली. दिवसभराच्या मालिका घरातल्या बाईच्या कामाच्या लयीला जुळवून बांधलेल्या असतात. ती बाई अंधाऱ्या थिएटरात बसलेली नाही. तिचं कुकरकडे लक्ष आहे, दारात दूधवाला आहे, मुलाचा अभ्यास आहे. तिचं लक्ष सारखं तुटणार, म्हणून गोष्टही तुकड्यातुकड्यांनी आणि पुन्हापुन्हा सांगितलेली.

मी हे घरी करून बघितलं. एक आठवडाभर संध्याकाळी टीव्हीकडे पाठ करून स्वयंपाकघरात भाकऱ्या केल्या. (भाकऱ्या कशा झाल्या हा प्रबंधाचा विषय नाही.) मालिका फक्त ऐकली. आठवड्याअखेर आजीने माझी तोंडी परीक्षा घेतली आणि मी पास झाले. एकही महत्त्वाची घटना सुटली नव्हती. कारण काही महत्त्वाचं होणार असलं की संगीत आधीच हाक मारतं: "या बाहेर, हात पुसा!" मग ते तीन-चार चेहरे येतात तेवढ्या वेळात माणूस स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पोचतो. आमच्या घरात बरोबर तीन चेहऱ्यांचं अंतर आहे.

म्हणजे ज्याला आपण वाईट दिग्दर्शन म्हणून हसतो, ती बऱ्याच अंशी हात कामात असलेल्या प्रेक्षकासाठी केलेली सोय आहे. सोफ्यावर बसून, हातात आयता चहा घेऊन बघणाऱ्याला ती कंटाळवाणी वाटणारच. त्याच्यासाठी ती बनवलेलीच नाही.

जाता जाता एक गंमत. रेमंड विल्यम्स या ब्रिटिश अभ्यासकाने १९७४ मध्ये लिहिलं की टीव्हीवर आपण सुटे कार्यक्रम बघत नाही, तर एकातून दुसऱ्यात वाहत जाणारं काहीतरी बघतो. मालिका, जाहिरात, पुढच्या मालिकेची झलक, पुन्हा जाहिरात. त्याने याला नाव दिलं 'प्रवाह'. २००८ मध्ये मराठीत त्या नावाची वाहिनीच निघाली. विल्यम्सला रॉयल्टी मिळाल्याचं ऐकिवात नाही.

मालिका गावाला कशा गेल्या?

आता माझ्या प्रबंधाचा गाभा. मराठी मालिकांची कुटुंबं बराच काळ मुंबई-पुण्याची होती. कोकण आलं तरी ते सुट्टीत जायचं ठिकाण म्हणून, आणि गावची बोली बोलणारं पात्र म्हणजे बहुधा गडी किंवा मोलकरीण. मग २०१६ आलं. फेब्रुवारीत 'रात्रीस खेळ चाले', सिंधुदुर्गात आकेरीला चित्रित झालेली आणि मालवणी बोलणारी. ऑगस्टमध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको', नागपुरी बोलणारी राधिका. ऑक्टोबरमध्ये 'तुझ्यात जीव रंगला', कोल्हापूर. २०१७ मध्ये 'लागिरं झालं जी', सातारा. त्याच वर्षी 'गाव गाता गजाली', पुन्हा मालवणी. दीड वर्षात वाहिनीने अर्धा महाराष्ट्र पालथा घातला. अचानक काय झालं?

त्यासाठी टीआरपी म्हणजे काय ते थोडक्यात बघू. कोण काय बघतंय हे प्रत्येक घरात जाऊन विचारणं अशक्य. म्हणून काही हजार घरं निवडतात आणि तिथे एक यंत्र बसवतात. कार्यक्रमाच्या आवाजात आपल्याला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती यंत्र ओळखतं. घरातल्या माणसाने आपल्या नावाचं बटण दाबायचं. या थोड्या घरांवरून सगळ्या राज्याचा अंदाज बांधतात. भात शिजला का हे बघायला आपण सगळं पातेलं खात नाही, चार शितं दाबतो. तसंच.

प्रश्न असा, की शितं पातेल्याच्या कुठल्या भागातली? २०१५ पर्यंतची मोजणी शहरांची होती. ग्रामीण भाग तिच्यात नव्हताच. 'बार्क' या नव्या संस्थेने २०१५ मध्ये मोजणी हाती घेतली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून ग्रामीण घरंही आकड्यांत आली. म्हणजे त्याआधी परशुराम घाटाखालच्या एखाद्या वाडीत दहा घरं डोळ्यांत पाणी आणून 'वादळवाट' बघत असतील, तरी आकड्यांच्या लेखी तिथे कुणी राहतच नव्हतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये गाव मोजलं जाऊ लागलं, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गाव पडद्यावर आलं.

इथे मार्गदर्शकांचा आवाज माझ्या कानात येतो: "त्यानंतर झालं म्हणजे त्यामुळेच झालं का?" नाही. मालवणी रंगभूमीवर आधीच गाजलेली होती. 'वस्त्रहरण' आणि मच्छिंद्र कांबळी यांनी ती मुंबईच्या प्रेक्षकाच्या कानाला केव्हाच सवयीची केली होती. 'सैराट'सुद्धा २०१६ चाच, म्हणजे सगळीकडे वारं त्याच दिशेने वाहत होतं. लेखक, नट गावांतून येत होते आणि त्यांना आपली भाषा बोलायची होती. मोजणी बदलली म्हणून ही इच्छा जन्माला आली असं मी म्हणत नाही. पण आधी जी इच्छा बैठकीत "छान आहे, पण चालणार नाही" म्हणून बाजूला पडायची, तिला आता हिशेबाच्या वहीत जागा मिळाली. मी इतकंच म्हणते, आणि तेवढ्यासाठी मला चाळीस पानं लागली आहेत.

पण आम्ही नक्की कुठले?

'रात्रीस खेळ चाले' गाजल्यापासून पुण्यात कुणाला "मी कोकणातली" म्हटलं की समोरचा लगेच "अण्णा नाईक! शेवंता!" करतो आणि मला मालवणीत काहीतरी बोलून दाखवायला सांगतो. आता त्याला कोण सांगणार, की चिपळूण रत्नागिरी जिल्ह्यात उत्तरेला आहे, सावंतवाडी तिकडे पार दक्षिणेला. अंतरच मोजायचं तर कुंभार्ली घाट चढून आम्ही साताऱ्याला लवकर पोचतो. त्या हिशेबाने 'लागिरं झालं जी' आमची जास्त जवळची. पण टीव्हीच्या नकाशावर कोकण म्हणजे एकच गाव, तिथे एक वाडा, वाड्यात एक झाड, आणि झाडावर कुणीतरी.

आमच्या बाजूची बोली म्हणजे संगमेश्वरी आणि तिचे शेजारी. ती टीव्हीवर आली, पण वेगळ्या दाराने: विनोदाच्या. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'मधले प्रभाकर मोरे आणि ओंकार भोजने ही दोन्ही नावं चिपळूणकर अशा थाटात घेतात, की जणू कालच बाजारपुलावर भेटले होते. त्यांच्या तोंडचे हेल ऐकून घरातले सगळे हसतात, आणि हसता हसता एकदा आजी म्हणाली, "अगो, हा तर आपल्यासारखाच बोलतो." तिच्या आवाजात आनंद होता, आणि थोडं आश्चर्यही. ऐंशी वर्षांच्या बाईला आपलं बोलणं टीव्हीवर ऐकून आश्चर्य वाटावं, यात बरंच काही आलं.

बोलीला पडद्यावर आधी हसवायला बोलावतात. रडायची, रागवायची, प्रेम करायची परवानगी तिला नंतर मिळते. मालवणीला ती मिळाली. आमचा नंबर लागायचा आहे.

मोठ्या शेजाऱ्याचं दुखणं मात्र सगळ्या मराठी मालिकांना सारखंच. हिंदी वाहिन्या त्याच मुंबईत, त्याच स्टुडिओंत, आणि पैसा कितीतरी पट जास्त. कॅनडाचंही असंच आहे. शेजारी अमेरिका, भाषा बहुतांशी तीच, मग आपलं कोण बघणार? तिथे प्रसारण नियामकाने देशी कार्यक्रमांचा किमान वाटाच ठरवून दिला आहे. आणि गंमत म्हणजे व्हँकुव्हर, टोरांटो ही शहरं पडद्यावर बऱ्याचदा अमेरिकेतली शहरं म्हणून उभी राहतात. स्वतःच्याच गावात दुसऱ्याची भूमिका!

मराठीने यावर देवाणघेवाणीचा मार्ग काढला. 'आई कुठे काय करते' ही मूळची बंगाली 'श्रीमयी'. तिचीच हिंदी बहीण 'अनुपमा'. 'सहकुटुंब सहपरिवार'चं माहेर तमिळ. तेव्हा "आपल्या संस्कृतीत असं होत नाही" असं कुणी म्हणालं, की मी विचारते, कुठल्या भाषेतल्या?

२२ जुलै २०२१

आता जे सांगणार आहे ते प्रबंधात एका तळटीपेएवढंच आहे. पण माझा विषय मला खऱ्या अर्थाने कळला तो तेव्हा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं. बाजारपेठ, चिंचनाका, पेठमाप, खेर्डी, सगळं पाण्याखाली. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेले लोकही म्हणाले की असं पाणी पाहिलं नव्हतं. आजी माळ्यावर बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं आणि मागे चिखल राहिला. धान्य गेलं, कपाटं गेली, आजोबांचे फोटो गेले, त्यांनी जपलेली कागदपत्रं गेली. टीव्ही भिंतीवर होता तसाच होता, फक्त उलटा केल्यावर त्यातून पाणी आलं.

मी पुण्याहून पोचले तेव्हा आठवडा होत आला होता. आम्ही दिवसभर फावड्याने चिखल ओढत होतो. वीज अजून सगळीकडे नव्हती. आणि एका संध्याकाळी आजीने मला विचारलं, "तुझ्या मोबाईलवर येतं ना गो सगळं? अरुंधतीचं काय झालं ते बघ."

मी चिडले. खरं सांगते, खूप चिडले. इथे घराची ही दशा आणि हिला मालिका सुचतेय. मी काहीतरी तोडून बोलले. ती शांतपणे म्हणाली, "इथलं सगळं चिखलात गेलं. तिथलं तरी जागेवर आहे का, एवढंच बघायचं."

मी नेट पकडायला गच्चीवर गेले आणि तिला दोन भाग दाखवले. छोट्या पडद्यावर तिला नीट दिसतही नव्हतं. ती ऐकत होती.

क्रिस्टीन गेराटी नावाच्या अभ्यासिकेने 'कॉरोनेशन स्ट्रीट'बद्दल लिहिताना एक मुद्दा मांडला आहे. न संपणाऱ्या मालिकेतली पात्रं आपण बघत नसतानाही जगत असतात, असं आपल्याला वाटतं. सिनेमा बंद केला की तो थांबतो. मालिकेतली माणसं मात्र आपण टीव्ही बंद केल्यावरही जेवतात, झोपतात, सकाळी उठतात. त्यांचा काळ आपल्या काळाच्या शेजारून चालतो. आपल्याकडे तर जास्तच. आपल्या घरी गणपती बसतात त्याच आठवड्यात त्यांच्याकडे बसतात. वटपौर्णिमा, दिवाळी, संक्रांत, सगळं पंचांगाप्रमाणे.

मी हा मुद्दा वर्षभरापूर्वीच वाचला होता, त्याखाली पेन्सिलीने रेघही मारली होती. कळला तो गच्चीवर.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मालिकेचं पंचांग सणांचं आहे, संकटांचं नाही. तिथे पूर येत नाही. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबलं, जुलैत नवे भाग सुरू झाले, आणि बहुतेक घरांत पात्रं मास्कशिवाय, काहीच न झाल्यासारखी वावरू लागली. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंदी आली तेव्हा युनिटं गोव्याला, सिल्वासाला गेली, आणि पडद्यावरच्या कुटुंबांना घर सोडून बाहेरगावी राहायची काही ना काही कारणं सुचली. बाहेर काय चाललंय हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होतं. कुणी तक्रार केली नाही. मी याला आधी 'वास्तवापासून पळ' असं लिहिलं होतं. आता ते वाक्य खोडलंय. पळणारा माणूस परत येत नाही. आजी दोन भाग ऐकून झाल्यावर उठली आणि उरलेली भांडी घासायला बसली.

टेप कुठे आहेत?

शेवटची अडचण, आणि ही खरोखरची अडचण आहे. दूरदर्शनच्या काळात टेप महाग होत्या. एकदा दाखवून झालं की त्याच टेपवर पुढचं चित्रण करायची पद्धत होती. 'चिमणराव'चे बहुतेक भाग आज उपलब्ध नाहीत. नंतरच्या खाजगी वाहिन्यांच्याही कितीतरी मालिका पूर्ण स्वरूपात बघायला मिळत नाहीत. ज्या कार्यक्रमांनी लाखो घरांची संध्याकाळ ठरवली, त्यांचा अभ्यास मी जाहिराती, जुनी वर्तमानपत्रं आणि लोकांच्या आठवणी यांवरून करतेय. कागदाचाही भरवसा नाही. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. त्याची ग्रंथसंपदा २००५ ला भिजली आणि २०२१ ला पुन्हा भिजली.

मग उरतात माणसं. मी चिपळूण आणि आसपासच्या घरांत जाऊन, रेकॉर्डर ठेवून, बायकांना जुन्या मालिका आठवायला सांगते. सुरुवातीला त्या लाजतात. "आमचं काय विचारतेस, आम्ही आपलं बघत होतो." मग कुणीतरी शीर्षकगीत गुणगुणतं आणि मग दोन तास मला बोलावं लागत नाही. मालिकेची गोष्ट सांगता सांगता त्या स्वतःची सांगतात. 'आभाळमाया' लागायची तेव्हा मुलगी पोटात होती. 'टिपरे' बघताना सासरे पहिल्यांदा मोठ्याने हसले. 'वादळवाट' संपली त्या वर्षी हे गेले.

आजीची मुलाखत मी शेवटी ठेवली होती. घरचीच आहे, कधीही घेता येईल, म्हणून. आता घ्यायला बसले तर तिच्या सांगण्यात गोष्टी एकमेकींत मिसळू लागल्या आहेत. परवा ती म्हणाली, 'आभाळमाया'तल्या सुधाला त्या देवराम खांडागळेने फार छळलं. आता देवराम 'वादळवाट'मधला. सुधाच्या नशिबी तिचा नवरा शरद होता, तेवढा पुरे होता. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं आणि गप्प बसले.

नियमाप्रमाणे ही 'चुकीची माहिती' आहे. मी ती वहीत तशीच, शब्दशः लिहून घेतली. टेप पुसल्या गेल्या, कागद भिजले. एका बाईच्या डोक्यात चाळीस वर्षांच्या मालिका अजून चालू आहेत, वाहिन्या थोड्या एकमेकींत गेल्या आहेत इतकंच. कौलांवरच्या अँटेनाच्या काळातही कधी कधी दोन चित्रं एकावर एक दिसायचीच.

तर, मालिका संपत का नाहीत? कारण संपवणं परवडत नाही, हे खरं उत्तर. हल्ली ते परवडू लागलंय म्हणा. मोबाईल आल्यापासून सवयी मोडल्या, आकडे पडले की मालिका वर्षभरातही गुंडाळतात. 'आई कुठे काय करते' पाच वर्षं चालली, पण शेवटी तिला संध्याकाळ सोडून दुपारी जावं लागलं. नवी सून आली की सासूला दुपारची वेळ मिळते, हा नियम पडद्याबाहेरही लागू आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ती संपली. त्या दिवशी मी आजीला मुद्दाम फोन केला आणि विचारलं, वाईट वाटलं का? ती म्हणाली, "वाईट कसलं? त्यांचं चाललंच असेल की. आपल्याला दिसत नाही एवढंच."

गेराटीबाईंना हे वाक्य दाखवायला हवं होतं.